जिन्नाची खुर्ची

सुबराती मियाँजींच्या ताब्यात एक जिन्न होता, आणि त्या जिन्नाला तांदळाचं पीठ चालत नसे.

हे आधीच सांगते, कारण ही गोष्ट आहे त्या वर्षांत आमच्या गयानात सरकारनं गव्हाच्या पिठावर बंदी घातली होती. देशात तांदूळ पिकतो, तांदूळच खा, असा हुकूम. ईदच्या शेवया तांदळाच्या, रोटी तांदळाची, आणि ती तव्यावरून उचलली की हातात तुकडे. घरात गव्हाचं पीठ सापडलं तर पोलीस माणसाला उचलून नेत. सगळा मुलूख निमूटपणे तांदळाची रोटी चावत होता, पण मियाँजींचा जिन्न पडला खानदानी. त्याला मलिदा लागायचा, आणि तोही गव्हाच्या रोटीचा, तुपात चुरलेला, वर साखर. मियाँजी कुणाकडे हिसाब करायला, म्हणजे नशीब बघायला, गेले की त्यांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची मांडायची, तिच्यावर धुतलेली चादर घालायची आणि पुढे मलिद्याची थाळी ठेवायची. जिन्न येऊन बसायचा, वास घेऊन तृप्त व्हायचा, आणि थाळी मियाँजी घरी घेऊन जायचे. वास जिन्नानं घ्यायचा आणि पोट मियाँजींचं वाढायचं, असा तो कारभार होता.

मी जबिदा. कपडे शिवते. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहते. माझा धाकटा भाऊ कयूम भात पिकवतो, पाची वेळा नमाज पढतो, आणि स्वतःचं डोकं मागेल त्याला उसनं देतो. त्याची बायको लवकर गेली, म्हणून त्याची एकुलती पोर शलीमा माझ्याच हाताखाली वाढली. तिला अक्कल आहे ती माझ्यामुळे, असं मी म्हणते. तोंड आहे तेही माझ्यामुळे, असं कयूम म्हणतो.

मी काही बेदीन बाई नाही, हेही सांगून ठेवते. गैबवर, म्हणजे माणसाच्या नजरेआड जे आहे त्यावर, माझं पक्कं ईमान आहे. फरिश्ते आहेत, जिन्न आहेत, मेल्यावर प्रत्येकाचा निवाडा आहे. पण गैबच्या किल्ल्या एकट्या अल्लाकडे आहेत, त्या जिन्नांनाही दिलेल्या नाहीत, हे मशिदीत शिकणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या पोरांना ते मियाँजींनीच शिकवलेलं असायचं, हातात छडी घेऊन. सकाळी किल्ल्या अल्लाकडे आहेत म्हणून शिकवायचं, आणि दुपारी त्याच किल्ल्या दारोदार विकायच्या. लाज नावाची गोष्ट त्या माणसाच्या गावीही नव्हती.

शलीमाचं लग्न नियामतशी ठरलं होतं. नियामत म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, हमीदनचा मुलगा. बाप वारल्यावर तो होडीवर लागला. नदीपलीकडे सुरिनाम, तिकडे गव्हाचं पीठ भरपूर, आणि इकडच्या होड्या तांदूळ घेऊन जायच्या आणि रिकाम्या येतात असं दाखवायच्या. पोरगा हसरा, कामाचा, आणि आईला विचारल्याशिवाय पाणी न पिणारा. शलीमाला तोच हवा होता. मला म्हणाली, "फुफू, तो नसेल तर मी तुझ्यासारखी मशीन चालवत बसेन." हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण पोरीनं कधी कशाचा हट्ट धरला नव्हता, म्हणून मी हसून सोडून दिलं.

मियाँजींचा या पोरावर दात होता. त्याचं कारण सगळ्या मशिदीनं पाहिलं होतं. एका जुम्म्याला चपला घालता घालता मियाँजी त्याला म्हणाले, "बेटा, येताना जिन्नसाहेबांसाठी एक पोतं पीठ आण. सवाब मिळेल, पुण्य लागेल."

नियामत म्हणाला, "मियाँजी, जिन्न उडतात ना? मग साहेबांनाच पाठवा की पलीकडे. त्यांना होडी लागत नाही, पोलिसांना ते दिसत नाहीत. येताना माझंही एक पोतं आणायला सांगा."

लोक चपला विसरून हसले. मियाँजीही हसले, पण नुसत्या दातांनी.

मग साखरपुड्याच्या दिवशी कयूमची गाय कालव्यात पडून मेली. गाय म्हातारी होती, एका डोळ्यानं आंधळी होती, आणि कालवा तिच्या जन्माआधीपासून तिथंच होता. पण कयूमला त्यात संकेत दिसला. मी म्हटलं, "अरे, गाईला दिसलं नाही म्हणून ती पडली. तुला दिसतंय ना? मग तू कशाला पडतोस?" तो तडक मियाँजींकडे गेला.

आमच्याकडे हिसाब करायची एक रीत आहे. माणसाचं नाव द्यायचं आणि त्याच्या आईचं नाव द्यायचं. बापाचं चालत नाही. का, तर मियाँजी मोठ्या ऐटीत सांगत, "बाप कोण हे जग सांगेल ते. आई मात्र पक्की. तिच्या पोटातून निघालेला धागा गैबपर्यंत जातो. तो धागा धरला की जिन्नाला सगळं लख्ख दिसतं." कयूमनं नियामतचं नाव दिलं, हमीदनचं नाव दिलं. मियाँजींनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

कयूम घरी आला तो पांढराफटक होऊन.

"आपा, लग्न मोडायचं."

"काय झालं?"

"हमीदनभाबी सातव्या महिन्यात भर दुपारी कालव्याजवळच्या सावरीखालून गेल्या होत्या. त्या झाडाखाली इथं डचांचं राज्य होतं तेव्हाचा एक मळेवाला पुरलाय. तो त्यांच्या पोटात शिरला, तिथून पोरात उतरला. नियामतशी लग्न करील ती पोर पहिल्या बाळंतपणाआधी जाईल."

"मेला तो डच माणूस होता ना? मग त्याचा जिन्न कसा झाला? जिन्न वेगळे, माणसं वेगळी."

कयूमनं विचार केला. "मियाँजी म्हणाले, डचांचं काही सांगता येत नाही."

अशा माणसाशी वाद काय घालणार? दगडावर डोकं आपटावं तर दगडाला निदान रक्त तरी लागतं. वर त्यानं मियाँजींना पुढच्या जुम्म्याला घरी बोलावलं होतं, हमीदनला आणि पोरालाही निरोप धाडला होता. सगळ्यांसमक्ष हिसाब सांगायचा आणि सोयरीक मोडायची. शलीमा वर जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती रडली नाही. त्या रात्री ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मात्र मला मशीनवर बसवेना.

कारण हा सगळा डोलारा मी एका फुंकरीनं पाडू शकत होते. हमीदन कधी गरोदर राहिलीच नव्हती.

लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. मग एकदा ती नदीपलीकडे नातेवाइकांकडे गेली, बरेच महिने तिकडेच राहिली, आणि आली ती कडेवर पोर घेऊन. तिच्या नात्यातली एक मुलगी बाळंतपणात गेली होती, आणि त्या पोराचा बाप तर त्याआधीच समुद्रात बुडाला होता. गावाला वाटलं, बाळंतपणाला गेली होती. हमीदननं तसं वाटू दिलं. खरं फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक, आणि मला, कारण तिनं मला सांगितलं होतं. त्या मुलीचं नाव तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नियामतला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी हमीदनकडे गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. सावर, डच, सातवा महिना.

ती म्हणाली, "मी तर त्या झाडाखाली पोट घेऊन गेलेच नाही."

"तेच तर! तेच सांग की सगळ्यांना. त्या ढोंग्याचं थोबाड एका वाक्यात बंद होईल."

तिनं सूप खाली ठेवलं. "नको, जबिदा."

"अगं, माझी पोर उपाशी बसलीय. तुझ्या पोराची सोयरीक मोडतेय."

"दुसरी होईल. पोरगा चांगला आहे, कुणीही देईल." मग खाली बघत म्हणाली, "तो मला अम्मा म्हणतो, जबिदा. उद्या कळल्यावर म्हणेल का, ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. पण मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, "भित्री कुठली! मियाँजी लुच्चा, माझा भाऊ बैल, आणि तू भित्री. तिघांनी मिळून दोन पोरांचा बळी द्या आणि वर मलिदा वाटा." मी निघाले तेव्हा तिनं माझा हात धरला आणि मी कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतला. मी तो दिला. देताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी मला तिची चीड आली होती.

जुम्म्याची नमाज झाली. आमचं घर खांबांवर, म्हणून बसणं-उठणं सगळं घराखालीच. कयूमनं खुर्च्या मांडल्या. जिन्नाच्या खुर्चीवर त्यानं माझ्याच कपाटातली नवी चादर घातली होती. गव्हाचं पीठ कुठून आणलं अल्ला जाणे, पण मलिदा भरपूर होता आणि थाळीतून तूप ओघळत होतं. मियाँजी अत्तर लावून आले. खुर्चीला सलाम करून तिच्या शेजारी बसले. हमीदन पदर डोक्यावर घेऊन समोर बसली, आणि नियामत तिच्या मागे उभा राहिला. शलीमाला खाली यायला बंदी होती. ती जिन्यावरच होती, तिचे पाय मला दिसत होते.

मियाँजींनी सुरुवात केली. डचाचं वर्णन केलं, त्याची टोपी सांगितली, बुटांचा रंग सांगितला. कयूम तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"हमीदनबीबी," मियाँजी म्हणाले, "सातवा महिना. दुपारची वेळ. सावरीखालून गेलीस ना? खोटं बोलू नकोस, पोटच्या पोरावर येईल."

हमीदन गप्प. तिच्या गप्प बसण्याला ते हो समजले, आणि त्यांचा उत्साह वाढला.

शब्द दिला होता, पण प्रश्न विचारणार नाही असा काही दिला नव्हता. मी म्हटलं, "मियाँजी, एवढं दिसतंय तर साहेबांना बाळंतपणही दिसलं असेल?"

"दिसणारच! धागा आईचा आहे."

"कसं झालं म्हणे?"

मियाँजींनी कान खुर्चीकडे नेला, मान डोलावली. "फार कठीण. कळा थांबेनात. पोराच्या गळ्याला नाळ गुंडाळलेली. ते डचाचंच काम. ही बिचारी ओरडत होती, 'मला सोडव, मला सोडव.' तेव्हाच हिला समजायला हवं होतं. पण बायकांना..."

"कुणाचं नाव घेऊन ओरडली?" हा आवाज हमीदनचा होता.

मियाँजी थबकले. "अं? अल्लाचं. आणखी कुणाचं?"

"ती आईचं नाव घेऊन ओरडली," हमीदन म्हणाली. "मी शेजारी होते. मी तिचं डोकं धरून बसले होते." ती उठून उभी राहिली. पदर घसरला तो तिनं सावरला नाही. "मियाँजी, मी कधी बाळंत झालेच नाही. नियामत माझ्या पोटचा नाही. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली. तुमच्या साहेबांना एवढं सगळं दिसलं, टोपी दिसली, बूट दिसले, आणि बाई दुसरी आहे हे दिसलं नाही?"

हमीदननं मागे वळून पाहिलं नाही. तिला पोराच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, हे मला कळलं, आणि मी तिला भित्री म्हटलं होतं त्याची मला लाज वाटली.

माणसाला थोडी जरी शरम असती तर तो तिथून उठून गेला असता. पण मियाँजी पक्का कोडगा. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तेच तर! म्हणूनच हिसाबात गुंता दिसत होता. धागा चुकीचा दिला तर जिन्न काय करणार? खऱ्या आईचं नाव सांग, आत्ता बघून देतो."

आणि माझा भाऊ, माझ्या आईच्या पोटी जन्मलेला तो बैल, पुढे वाकून काय म्हणाला? "हो भाबी, काय नाव होतं तिचं?"

मी उठलेच होते. माझ्या हातात थाळी आली असती तर ती एकाच्या नाहीतर दुसऱ्याच्या डोक्यात गेली असती. पण त्याआधी नियामत आईच्या पुढ्यात येऊन बसला, जमिनीवर, गुडघे टेकून.

"नाव सांग अम्मा," तो म्हणाला. "त्यांना नको. मला सांग. इतकी वर्षं दोन्ही हात वर करून दुआ मागतोय आणि तिच्यासाठी एकदाही मागितली नाही. माझ्या कानात सांग."

बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान म्हणतात. तशी ती वाकली आणि त्याच्या कानात बोलली. त्यानं डोळे मिटले. आम्हाला फक्त तिचे ओठ हललेले दिसले, आणि तेही मियाँजींसारखे नव्हते. मग त्यानं तिथंच हात पसरले आणि ज्या बाईला त्यानं कधी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी दुआ मागितली. कयूमचेही हात आपोआप वर गेले. माझेही गेले. मियाँजींना ते वर करावे लागले, कारण सगळ्यांनी केले होते.

हात खाली आले तेव्हा शलीमा जिना उतरून आली होती. ती सरळ त्या चादर घातलेल्या खुर्चीपाशी गेली.

"पोरी!" मियाँजी ओरडले. "तिथं साहेब बसलेत!"

"मग त्यांना जरा सरकायला सांगा," शलीमा म्हणाली, आणि बसली.

तिनं थाळी मांडीवर घेतली आणि मलिद्याचा घास तोंडात टाकला. किती दिवसांची उपाशी पोर, ती खातच राहिली. कयूम तिच्याकडे टक लावून बघत होता, आता मरते की मग मरते. ती चावत होती. मधेच तिनं थाळी नियामतपुढे धरली. तो डोळे पुसता पुसता हसला आणि त्यानं पहिला घास अम्माच्या तोंडात घातला.

"अब्बा," शलीमा म्हणाली, "तारीख तीच ठेवायची ना?"

कयूमनं मियाँजींकडे पाहिलं, मग थाळीकडे, मग पोरीकडे. सवयच ना, कुणीतरी सांगायला लागतं. या खेपेला मी त्याच्यापुढे उभी होते. "तीच," तो म्हणाला.

मियाँजींना पहिल्यांदाच रिकाम्या हातानं घरी जावं लागलं. जाता जाता ते माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "काय गं, नाव काय होतं तिचं? तुला ठाऊक असेल."

"जिन्नाला विचारा," मी म्हटलं. "आणि त्याला म्हणावं, उद्यापासून तांदळाची रोटी खा. आम्ही सगळे खातो, कुणी मेलं नाही."

अंधार पडायच्या आधी हमीदन वर माझ्या मशीनपाशी येऊन बसली. मी चहा दिला. मला तिची माफी मागायची होती, पण मला शिव्या जितक्या सहज येतात तितकं ते येत नाही. मी विचारलं, "अगं, तू तर नाही म्हणाली होतीस. मग कसं धाडस झालं?"

"ती ओरडली होती ते तो खोटंच सांगायला लागला," ती म्हणाली. "तिचं शेवटचं ओरडणं. ते तरी त्याच्या मलिद्यात जाऊ देणार नाही, असं वाटलं." मग चहाचा एक घोट घेऊन म्हणाली, "अल्लाला कधी पाहिलं नाही, जबिदा. तरी सगळा भरवसा त्याच्यावर टाकला. आणि हा पोरगा रोज माझ्यासमोर जेवत होता, त्याच्यावर नाही टाकता आला."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

खालून नियामतची हाक आली, "अम्मा, निघायचं ना?"

हमीदननं ऐकलं, पण ती उठली नाही. कप हातात घट्ट धरून, त्यानं पुन्हा हाक मारावी म्हणून, तशीच बसून राहिली. त्यानं पुन्हा मारली.